चौथी जखम भरली कशी

१

शोभाबाईंचा उजवा पाय नागपूरला गुडघ्याखालून कापला, तेव्हा इकडे वर्ध्यात त्या पायाचा गुन्हेगार ठरूनही गेला होता. गुन्हेगार म्हणजे गोपिका, डॉ. नीरजच्या हाडांच्या दवाखान्यातली सिस्टर. तिची पर्स भर दवाखान्यात, पेशंट आणि नातेवाईक बसतात त्या हॉलमध्ये, टेबलावर उलटी केली गेली. आत रुमाल, चाव्या, डबा आणि इंजेक्शनच्या दोन रिकाम्या बाटल्या निघाल्या. लोकांना तेवढं पुरलं.

हे सगळं मला नीरजनं माझ्या घरी बसून सांगितलं. मी ज्योत्स्ना. मेडिकल कॉलेजात आयुष्यभर जंतूंचं शास्त्र शिकवलं, आता निवृत्त होऊन पिपरी मेघेला राहते. नीरज माझा विद्यार्थी. मी तिरसट आहे असं माझे विद्यार्थी पाठीमागे म्हणायचे, आणि मी ते कधी खोडून काढलं नाही. नीरज मात्र तोंडावर म्हणायचा, म्हणून तो मला आवडायचा.

त्या दिवशी तो चहाला हात न लावता बसला होता. नालवाडीच्या शोभाबाई आणि त्यांचे यजमान मधुकरराव यांची भाजीची शेती. वांग्याला पाणी देताना बांधावरून पाय घसरला आणि शोभाबाईंचा घोटा मोडला. नीरजनं प्लेट टाकली. ऑपरेशन झकास झालं. चार-आठ दिवसांत टाके लाल झाले, मग पू, मग ताप. बाईंना साखर होती, त्यामुळे नागपूरला नेईपर्यंत पाय हातचा गेला होता. आणि त्या एकट्या नव्हत्या. पावसाळ्यानंतर घोट्याच्या आणखी दोन पेशंटच्या जखमा अशाच सडल्या होत्या. त्यांचे पाय वाचले एवढंच.

हाडाच्या ऑपरेशनआधी जंतू मारणारं एक इंजेक्शन द्यायचं असतं. जखम व्हायच्या आधीच औषध तिथं हजर असावं, म्हणजे चाकूबरोबर आत गेलेले जंतू तिथल्या तिथं मरतात. ऑपरेशननंतर आठवडाभर औषधांचा मारा करायचा नाही, आधीचा एकच डोस वेळेवर द्यायचा, हे नीरजला मीच शिकवलं होतं, आणि तो ते इमानानं पाळत होता. तो एक डोस म्हणजे त्याच्या पेशंटचा सगळा आधार. त्याच्या मते गोपिकानं नेमकं त्यातच पाप केलं होतं. खरं औषध काढून घ्यायचं, बाटलीत मीठ नाहीतर साखर भरायची, आणि तेच पेशंटला टोचायचं.

"सोमवारी मी पोलिसांत तक्रार देतोय," तो म्हणाला. "मधुकरराव पण माझ्यासोबत येणार आहेत." मग त्यानं खिशातून एक पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली. त्यात त्या दोन रिकाम्या बाटल्या होत्या. "यांत औषध नव्हतं, एवढं तुम्ही तपासून लिहून द्या, मॅडम."

"मी पाहिजे तो निकाल लिहून देत नसते," मी म्हटलं. "जो निघेल तो देईन. चालत असेल तर बाटल्या ठेव."

तो चहा न घेताच उठला. मग बाटल्या ठेवून गेला.

२

गोपिका दोन खोल्यांच्या घरात सासूबरोबर राहते. नवरा नाही. घरात कमावणारी ती एकटी, आणि चोरीचा शिक्का बसला की नर्सची नोकरी तिला या जिल्ह्यात कुणी देणार नव्हतं. मी गेले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मला बघून उठली, खुर्ची पुसली, आणि मग एकदम म्हणाली की मॅडम, तुम्ही पण पर्स पाहणार का. त्यात तक्रार नव्हती, तिनं खरंच विचारलं होतं. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, पर्स नको, आधी चहा कर.

चहावर तिनं सगळं सांगितलं. पूर्वी इंजेक्शन वॉर्डात द्यायची पद्धत होती. नातेवाईक खालच्या मेडिकलमधून बाटली आणून देत, ती पेशंटला पलंगावरच इंजेक्शन देई, आणि मग त्याला थिएटरमध्ये नेत. पावसाळ्याच्या शेवटी एका पेशंटच्या जावयानं आरडाओरडा केला. म्हणाला, आम्ही बाटली आणली, पण ती दिलेली आम्हाला कुणालाच दिसली नाही, विकली असेल परत दुकानात. तसं काही झालं नव्हतं. जावई त्या वेळी खाली पान खायला गेला होता, पण आवाज त्याचाच मोठा होता. त्या दिवसापासून डॉक्टरांनी नियम केला. इंजेक्शन थिएटरमध्ये द्यायचं, त्यांच्या डोळ्यांसमोर, चाकू लावण्याच्या आधी.

"म्हणजे प्रत्येक वेळी ते बघत होते?" मी विचारलं.

"समोर उभे राह्यत होते, मॅडम. बाटलीचं सील मी त्यायच्यासमोर तोडत होती, त्यायच्यासमोर पानी टाकत होती, त्यायच्यासमोर शिरेत देत होती. याच्याहून जास्त मी काय करू?"

"आणि रिकाम्या बाटल्या पर्समध्ये काऊन ठेवल्या?"

तिनं ताटलीतला एक खडा बोटानं बाजूला सारला. "माह्यावर शक होता ना. उद्या कोनी म्हटलं का इनं देलंच नाई, तर दाखवाले काईतरी पाह्यजे म्हनून ठेवल्या. एक शोभाकाकूची हाये, एक त्यायच्या आधीच्या पेशंटची. त्याच माह्या गळ्यात आल्या."

ती खरं बोलत असावी असं मला वाटलं. पण माझ्या वाटण्यावर जन्मभर मी कुणाला मार्क दिले नव्हते. निघताना तिनं दारात विचारलं, सोमवारपर्यंत काही होईल का. मी तिला खोटा धीर दिला नाही. बघते, एवढंच म्हटलं.

३

दवाखान्याच्या खालचं मेडिकल भूपेंद्रचं. खानदानी दुकानदार, बाप किराणा विकायचा, हा औषधं विकतो. संशय त्याच्यावरही जाण्यासारखा होता. नकली माल विकणारा दुकानदार काही आभाळातून पडत नाही. मी त्याच्याकडं तेच इंजेक्शन मागितलं, त्याच खोक्यातलं. तो एकदम लाल झाला. मग शांत होऊन त्यानं अर्धवट रिकामं खोकं उचललं आणि सगळंच माझ्या पिशवीत टाकलं. म्हणाला, तपासा मॅडम, हव्या त्या लॅबमध्ये तपासा, माझ्या दुकानात माझा मुलगा बसणार आहे उद्या.

अंजू ही माझी जुनी विद्यार्थिनी, गावात तिची छोटी लॅब आहे. शोभाबाईंच्या जखमेतले जंतू तिनं सांभाळून ठेवले होते. कुठले भलतेसलते जंतू नव्हते ते. तुमच्या-माझ्या कातडीवर राहणारे, अगदी घरचे म्हणावेत असे. आम्ही ते काचेच्या बशीत वाढवले आणि मध्ये औषधाचे थेंब ठेवले: एक भूपेंद्रच्या सीलबंद बाटलीतला, आणि दोन गोपिकाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन घेतलेले.

दुसऱ्या दिवशी अंजूनं बशी माझ्यासमोर धरली. तिन्ही थेंबांभोवती स्वच्छ गोल पडले होते. तिथले जंतू मेले होते. दुकानातलं औषध खरं होतं. बाटल्यांमध्ये होतं तेही खरं होतं. आणि शोभाबाईंचा पाय ज्यांनी खाल्ला ते जंतू याच औषधानं मरत होते.

मी नीरजला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तिनं या दोन खऱ्या बाटल्या मुद्दाम दाखवायला ठेवल्या असतील. बाकीच्या नकली."

"तिनं मला सांगितलं, त्यातली एक शोभाबाईंची आहे."

"ती सांगते, मॅडम."

एक बाटली शोभाबाईंची, याला पुरावा गोपिकाचा शब्दच होता. पण मला दुसरं काही खटकत होतं. मी विचारलं, खुब्याच्या आणि खांद्याच्या ऑपरेशनांचं काय. तो म्हणाला, ती सगळी ठीक आहेत, एकही जखम बिघडली नाही. त्यांनाही इंजेक्शन गोपिकाच देत होती ना? हो, तीच. मग ही कसली चोर, जी फक्त घोट्याच्या पेशंटचं औषध चोरते?

नीरज म्हणाला की ते त्याला माहीत नाही, पण सोमवार बदलणार नाही.

४

थिएटरमध्ये नीरजच्या हाताखाली स्वप्निल काम करतो. टेक्निशियन. चटपटीत पोरगा, कामाला वाघ, बोलायला लाजाळू. मी त्याला कँटीनमध्ये गाठलं. सुरुवातीला तो गोपिकाबद्दल काही बोलायलाच तयार नव्हता. एकदा म्हणाला की सिस्टर तशी नाही, आणि मग इकडेतिकडे बघितलं.

मी त्याला गोपिकाबद्दल विचारलंच नाही. घोट्याचं ऑपरेशन सुरुवातीपासून कसं होतं ते सांग म्हटलं. आपल्या कामाबद्दल मात्र तो भरभरून बोलला. पेशंट आत येतो. भूल देणारे डॉक्टर हिंगणघाटहून येतात, ते कमरेत भूल देतात. मग स्वप्निलचं काम सुरू होतं. मांडीला पट्टा बांधायचा, पाय वर धरून पट्टा फुगवायचा म्हणजे ऑपरेशनभर रक्त येत नाही आणि डॉक्टरांना हाड स्वच्छ दिसतं. मग पाय औषधानं धुवायचा, हिरवी कापडं टाकायची. सरांना सगळं तयार लागतं, तयार नसलं की ते चिडतात. ते हात धुऊन आत येतात, सिस्टरकडं बघतात, सिस्टर इंजेक्शन देते, सर बघतात, आणि मग चाकू मागतात. कुठंही घाई नाही, कुठंही हयगय नाही. मी मनात म्हटलं, दवाखाना असा असावा.

"घोट्याचे सगळेच पेशंट बिघडले का?" मी विचारलं.

तसं नव्हतं. तरुण, धडधाकट पोरांच्या जखमा नीट भरल्या होत्या. त्यात नवल नव्हतं, अशी शरीरं स्वतःच बरंच निभावून नेतात. इंजेक्शनची खरी गरज होती ती चौघांना. शोभाबाईंना साखर. एका म्हाताऱ्या मास्तरांची कातडी कागदासारखी झालेली. तिसरा पेशंट दारुडा. आणि चौथा कवडू, हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणारा. अंगानं मुळातच अशक्त, त्यात त्याच्या पायावर रुईची गाठ पडली होती. शोभाबाईंचं आणि त्याचं ऑपरेशन एकाच दिवशी झालं, आधी त्यांचं, मग त्याचं. तेच थिएटर, तीच सिस्टर, भूपेंद्रच्या त्याच खोक्यातली बाटली.

"त्याच्या ऑपरेशनमध्ये सर लई चिडले होते," स्वप्निल म्हणाला. "रक्तच रक्त. पुसून पुसून हात दुखून गेले आमचे. लई टाइम लागला."

"मग तो तर सगळ्यांत जास्त बिघडला असेल."

"नाई ना, मॅडम. त्याचा पाय एकदम ओके हाये. परवा चालत येऊन टाके दाखवून गेला."

तिघांच्या जखमा सडल्या. चौथा सगळ्यांत अशक्त, त्याचं ऑपरेशन सगळ्यांत लांबलं, आणि जखम भरली ती नेमकी त्याचीच. मी त्याच दुपारी हिंगणघाटची बस धरली.

५

कवडू जिनिंगच्या फाटकाजवळच्या खोलीत राहतो. हवेत कापसाचे तंतू उडत होते आणि तो बाजेवर पाय पसरून बसला होता. बारीक चणीचा माणूस, डोळ्यांत पिवळट झाक. मी डॉक्टर आहे म्हटल्यावर त्यानं न विचारताच पायजमा वर सरकवला. घोट्यावरचा व्रण सरळ, कोरडा, फिकट. मी इतक्या वर्षांत इतका देखणा टाका क्वचित पाहिला होता.

त्याला काहीच वेगळं आठवत नव्हतं. इंजेक्शन? हो, दिलं. कुणी? सिस्टरबाईनं, डाक्टर साहेब समोर होते. मग घरी आल्यावर काही दुसरं औषध घेतलंस का? नाही. कुणाचा लेप, कुणाची राख? तो हसला, नाही म्हणाला. माझ्या हाती काही लागेना. मी उठण्याच्या बेतात होते. जाता जाता, केवळ त्याच्या डोळ्यांकडं बघून, मी त्याला कावीळ झाली होती का असं विचारलं.

"कावीळ नाई, बाई. मले सिकलसेल हाये. लहानपनापासूनच."

आमच्या विदर्भात हा आजार घरोघरी माहीत आहे. रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, हाडं दुखतात, आणि अंगात जंतू शिरले तर लवकर बाहेर निघत नाहीत. म्हणजे चौघांत सगळ्यांत आधी बिघडायला हवा होता तो कवडू. मी परत खाली बसले.

"डॉक्टरांना सांगितलं होतंस?"

"सांगतलं ना. म्हनून तर त्यायनं माह्यं येगळं केलं. मले कमरेखाली बधिर केलतं, पन ऐकू तर येत होतं. तो पोरगा मांडीले पट्टा बांधून राह्यला होता. डाक्टर साहेब वरडले त्याच्यावर. म्हने, याले पट्टा नको, याच्या रक्ताले चालत नाई, तसंच करू."

तो पुढंही बरंच बोलला. जिनिंगच्या मालकाबद्दल, गाठ कशी सुटली त्याबद्दल. माझं लक्ष नव्हतं. मी त्याच्या त्या कोरड्या व्रणाकडं बघत बसले आणि मला एकदम सगळं कळलं. आनंद मात्र झाला नाही. जे कळलं होतं ते नीरजला सांगायचं होतं.

बसमध्ये बसण्याआधी मी त्याला फोन केला. "उद्या रविवार आहे. सकाळी थिएटर रिकामं ठेव. गोपिकाला बोलाव, स्वप्निलला बोलाव. भूल देणाऱ्यांची गरज नाही."

"ऑपरेशन कुणाचं आहे, मॅडम?"

"पेशंट मी घेऊन येते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

६

रविवारी तिघंही थिएटरमध्ये उभे होते. गोपिका भिंतीला खेटून, नीरजपासून जितकं लांब उभं राहता येईल तितकं. मी चपला बाहेर काढल्या, टोपी घातली आणि सरळ टेबलावर जाऊन पडले.

"मी शोभाबाई," मी म्हटलं. "घोटा मोडलाय. तुम्ही रोज जे करता ते करा, त्याच क्रमानं. फक्त चाकू लावू नका आणि सुईनं टोचू नका. स्वप्निल, पट्टा मांडीऐवजी पोटरीला बांध, माझं वय झालंय."

स्वप्निलनं नीरजकडं बघितलं. नीरजनं मान हलवली. पट्टा बांधला गेला, पाय वर धरला गेला, आणि पंपाचा आवाज सुरू झाला. पोटरी अशी आवळली गेली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग पाय धुतल्यासारखं केलं, कापडं टाकली. तोवर नीरज हात धुऊन आला. गोपिका रिकामी सिरिंज घेऊन माझ्या हाताशी येऊन उभी राहिली.

"आता दे," मी म्हटलं. तिनं सिरिंजचा दांडा दाबण्याचा अभिनय केला. "नीरज, तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"खरं औषध होतं, आपण तपासलं. बाटलीचं सील तुझ्यासमोर तुटलं. शिरेत तुझ्यासमोर गेलं. चिरा अजून मारलेला नाही. तू सांगितलंस ते खरं. गोपिकानं सांगितलं ते खरं. भूपेंद्रचा माल खरा. सगळे खरं बोलत आहेत. आता इकडं ये आणि माझ्या पावलावरची नाडी बघ."

तो टेबलाच्या खालच्या टोकाला गेला. कापड बाजूला करून त्यानं पावलावर, अंगठ्याच्या रेषेत दोन बोटं ठेवली. मग बोटं जरा सरकवली. परत सरकवली. घोट्याच्या आतल्या बाजूला शोधलं. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होते. चांगल्या माणसाला आपली चूक कळताना बघणं फार कठीण असतं, आणि मला ते बघावं लागलं.

"नाडी नाहीये," तो हळू म्हणाला.

"नसणारच. पट्टा बांधलाय. पायात रक्त जात नाही म्हणून तर तुला हाड स्वच्छ दिसतं. मग माझ्या हातात सोडलेलं औषध माझ्या घोट्यापर्यंत कशातून जाणार?"

स्वप्निलनं न सांगताच पट्टा सोडला. पायात मुंग्यांचा लोंढा आला. मी उठून बसले.

"खुब्याला पट्टा बांधताच येत नाही, म्हणून तुझे खुबे ठीक राहिले," मी म्हटलं. "खांदेही. कवडूला सिकलसेल, म्हणून तू त्याला पट्टा बांधू दिला नाहीस. रक्तानं तुला हैराण केलं, पण त्याच रक्तानं औषध जखमेपर्यंत नेलं. बाकीच्यांच्या पायात ते पोचलं ऑपरेशन संपून पट्टा सुटल्यावर. तोवर जंतू प्लेटवर बसले होते. गोपिका पूर्वी वॉर्डात द्यायची, तेव्हा पट्टा बांधायला अजून वेळ असायचा. औषध आधीच पायात पोचलेलं असायचं."

"मी पुस्तकाप्रमाणे केलं, मॅडम. चिरा मारण्याआधी."

"पुस्तकात पट्ट्याच्याही आधी असं लिहिलंय. वॉर्डात ते आपोआप होत होतं, म्हणून तुला ते वाक्य लक्षात ठेवायची कधी गरज पडली नाही. मग तुला चोर पकडायचा होता आणि तू जागा बदललीस. त्यानंतर तू फक्त सिस्टरच्या हाताकडं बघत राहिलास."

हे जरा कठोर झालं. पण मऊ करून सांगण्यासारखं ते नव्हतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी कसं पकडलं नाही, असं मला नंतर काहींनी विचारलं. इंजेक्शन ही डॉक्टर आणि सिस्टर यांच्यातली भानगड झाली होती. बाहेरून येणारा माणूस असल्या भानगडीत पडत नाही.

नीरजनं टोपी काढली आणि तो स्टुलावर बसला. मग त्यानं गोपिकाकडं बघितलं. "तू मला एकदा काहीतरी म्हणाली होतीस. नियम केला त्याच आठवड्यात."

"म्हटलं होतं, सर," गोपिका म्हणाली. भिंतीपाशी उभी राहूनच बोलली ती. "इथं लई गडबड होते, पयल्यासारखं वार्डातूनच देऊन आनू का, म्हनून. मले बाकी काई माहीत नव्हतं. तुमी म्हटलं, काऊन, तिथं कोनी पाहत नाई म्हनून का?"

त्यानं मान खाली घातली. म्हणाला, हो, असंच बोललो होतो.

७

सोमवारी तक्रार गेली नाही. सोमवारी नीरज दवाखान्याच्या हॉलमध्ये, पर्स उलटी केली होती त्याच टेबलाशी उभा राहिला आणि बसलेल्या लोकांना त्यानं सांगितलं की गोपिकानं काही चोरलं नव्हतं, चूक त्याची होती. हे करायला त्याला मी सांगितलं नव्हतं. ऐकणाऱ्यांतले बरेच जण त्या दिवशी नव्हतेच, त्यांना काय चाललंय कळलं नाही. तरी तो पूर्ण बोलला.

मग आम्ही नालवाडीला गेलो. नीरज, गोपिका आणि मी.

मधुकरराव अंगणात सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होते. शोभाबाई आत पलंगावर बसल्या होत्या, मांडीवर गोधडी, आणि गोधडीखाली एका बाजूला गुडघ्यापुढं काहीच नव्हतं. मधुकररावांनी हातातल्या जुडीसकट आत येऊन खुर्ची दिली, पण नीरज बसला नाही. उभ्यानं त्यानं सगळं सांगितलं. औषध खरं होतं, वेळेवर दिलं असं आम्हाला वाटत होतं, पण पट्टा आधीच बांधलेला असल्यानं ते पायात उतरलंच नाही. तसं करायचा नियम माझा होता, तो म्हणाला. सिस्टरचा यात काही दोष नाही.

मधुकररावांना एकदम उमगलं नाही. मग म्हणाले, "म्हंजे वावरातल्या पाइपाचा पुढचा वॉल बंद, अन् मंग ड्रिपमधून औषध सोडलं. असंच ना?"

"असंच," नीरज म्हणाला.

"झाडाले काय भेटन मंग."

बाहेरून कुणाची तरी सायकल गेली. मधुकररावांनी हातातली जुडी खाली ठेवली. "तक्रार मी देनार, डाक्टर. तिचा पाय गेला, मी चूप बसनार नाई."

"द्या," नीरज म्हणाला. "कसं झालं ते मी स्वतः लिहून देईन. कुठंही बोलावलं तरी हेच सांगेन."

"पन या पोरीचं नाव त्यात येनार नाई."

गोपिका दारातच उभी होती, आत आली नव्हती. शोभाबाईंनी नीरजकडं बघितलं आणि साध्या आवाजात म्हणाल्या की डाक्टर साहेब, तुमच्याशी मी आज बोलत नाई, माह्याच्यानं होत नाई. नीरज हात जोडून बाहेर गेला. मीही त्याच्या मागं निघाले होते, पण बाईंनी हातानं थांबवलं. मग गोपिकाला जवळ बोलावलं, पलंगावर बसवलं, आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"नागपूरले पडल्या पडल्या रोज तुले शाप देल्ले, पोरी," त्या म्हणाल्या. "सकाळी उठली का पयले तुले. तुये हात झडो म्हटलं. देवाचं नाव घेऊन म्हटलं. आता ते वापस कसे घेऊ, तूच सांग मले."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. थोड्या वेळानं गोपिकानं हात सोडवून घेतला, गोधडी हळूच बाजूला केली आणि त्या अर्ध्या पायावरची पट्टी बघितली.

"काकू, पट्टी कोन बदलवून राह्यलं तुमची?" ती म्हणाली. "बराबर बांधली नाई. उद्यापासून मी येतो."